चौथं वाक्य

कुत्रा मेला की त्याच आठवड्यात कार्ड गेलं पाहिजे. मांजराचंही तसंच. सशाचं जरा मागेपुढे झालं तरी चालतं. थॉर्नलीतल्या माझ्या पहिल्या दिवशी पिपाने मला हे नीट समजावून सांगितलं आणि मी शहाण्यासारखी मान डोलावली. आमच्या कोर्सची रीत अशी, की दोन वर्षं कॉलेजात बसायचं, तिसरं वर्ष एखाद्या कंपनीत काम करायचं आणि शेवटच्या वर्षाला परत कॉलेजात यायचं. दोन वर्षं मी बाजारपेठांचे आणि नफ्यातोट्याचे आलेख काढले होते. म्हटलं, आता खरं काम शिकू. तर खरं काम हे निघालं.

थॉर्नली पाळीव प्राण्यांचा विमा उतरवते. रेडिंगच्या बाहेर हमरस्त्याला लागून काचेची इमारत, समोर मुद्दाम खोदलेलं तळं, तळ्यात बदकं. बदकांचा विमा निघत नाही, मी विचारलं होतं. प्राणी मेला की मालकाला कंपनीकडून हाताने लिहिलेलं कार्ड जातं, आणि ते लिहायचं काम दरवर्षी माझ्यासारख्या वर्षभरासाठी आलेल्या पोरांच्या गळ्यात पडतं. आम्हाला सगळे 'प्लेसमेंट' म्हणत. "प्लेसमेंटला विचार ना." "प्लेसमेंट कुठे उलथली?" माझं नाव कीली आहे हे नाताळपर्यंत मोजून चार जणांना माहीत झालं असेल. एक बाई तर मला आदल्या वर्षीच्या पोराच्या नावाने हाक मारायची, आणि मीही ओ द्यायचे. कोण वाद घालणार?

कार्डात लिहायची पाच वाक्यं ठरलेली होती. वकिलांनी तपासलेली, जाहिरातवाल्यांनी घासूनपुसून दिलेली. त्यात देव नाही, स्वर्ग नाही, 'सुटला बिचारा' तर अजिबात नाही. पहिलं वाक्य असं, की अमुक गेल्याचं कळलं आणि आम्ही सगळे हळहळलो. दुसरं घरातल्या रिकाम्या कोपऱ्याचं. तिसरं असं, की तुम्ही लावलेली माया त्याला नक्की कळली होती. चौथं खास कुत्र्यांसाठी: 'तुम्हाला कितीही उशीर झाला तरी तो दाराशी वाट बघत थांबायचा, आणि तुम्ही आलात एवढंच त्याला पुरायचं.' पाचवं मांजरांसाठी, कारण मांजर कुणाची वाट बघत नाही. त्यात ती मर्जीची राणी होती वगैरे होतं.

शाई निळी. आणि प्रत्येक कार्डात एखादा शब्द चुकवून खोडायचा, म्हणजे माणसाने लिहिल्यासारखं वाटतं.

"मी माणूसच आहे," मी म्हटलं.

"अगं हो गं," पिपा हसून म्हणाली, "पण तसं वाटलंही पाहिजे ना!"

पिपा आमची बॉस. उंच, गोड बोलणारी, हातात कायम पाण्याची बाटली. कशालाही "छानच!" म्हणायची. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिथे कुणीच वाईट नव्हतं. सकाळी आल्या आल्या जो तो विचारायचा, "ठीक?" आपण म्हणायचं, "ठीक. तू?" तोवर विचारणारा चार टेबलं पुढे गेलेला असायचा. आमच्या ग्रिम्सबीतही हेच विचारतात, पण तिथे तुम्ही उत्तर दिलं नाही तर माणूस थांबतो आणि म्हणतो, काय झालं गं तोंड पाडायला?

खुर्चीचं मात्र सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. थॉर्नलीत कुणालाच स्वतःची खुर्ची नाही. आदल्या दिवशी फोनवर जागा नोंदवायची, सकाळी तिथे जाऊन बसायचं, संध्याकाळी टेबल पुसून आपलं चंबूगबाळं कपाटात ठेवायचं. आज खिडकीशी, उद्या छपाईयंत्राशी, परवा संडासाच्या दाराशी. मी माझा निळा पेन आणि कार्डांचा खोका घेऊन बिऱ्हाडासकट वर्षभर त्या मजल्यावर फिरले.

माझ्या बाबाला हे काही केल्या कळेना. बाबा ग्रिम्सबीच्या गोदीवर मासे कापायचा. शाळा सोडली तेव्हापासून तेच. हॅडॉक, कॉड, दिवसभर बर्फात हात. तो सांगायचा, पहिला तास बोटं दुखतात, मग दुखायचं थांबतं, आणि खरं सांभाळायचं ते तेव्हाच, कारण तेव्हा कापलं तरी कळत नाही. त्याच्या डाव्या अंगठ्यावर अशा न कळलेल्या खुणांची जाळी होती. त्याचं आयुष्यात एकच मागणं होतं. पोरीने बसून काम करावं, उबेत, स्वतःच्या खुर्चीत. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न तोच.

"काय गं, खुर्ची मिळाली का?"

"बाबा, किती वेळा सांगू, इथे कुणालाच खुर्ची नसते."

"म्हणजे उभ्याने काम करता?"

"बसतो रे. पण रोज वेगळीकडे."

"काहीतरीच! अगं, माझी सुरी माझी आहे, फळी माझी आहे, उभं राहायची जागासुद्धा माझी आहे. तिथे दुसरा कुणी येऊन उभा राहू दे, तंगडी मोडून ठेवीन. आणि एवढ्या काचेच्या महालात तुला टेकायला जागा नाही?"

"महाल त्यांचा आहे."

"तू तात्पुरती आहेस म्हणून. पक्की झालीस की देतील, बघ तू."

कार्डांचं सांगितलं तेव्हा तर तो खोकला येईपर्यंत हसला. "मेलेल्या कुत्र्याला पत्र?"

"कुत्र्याला नाही. मालकाला."

"हां, मग ठीक. मी म्हटलं उत्तर कोण देणार! हॅडॉकचा विमा उतरवतात का विचार जरा. मी एका दिवसात एवढे कापतो, तुझी बोटं झडतील लिहून लिहून."

पक्कं होणं म्हणजे काय, तर दर वर्षी थॉर्नली दोन पोरं घ्यायची आणि त्यातल्या एकाला पदवी झाल्यावर नोकरी द्यायची. त्या वर्षी मी आणि बार्नाबी. बार्नाबी दक्षिणेकडचा, वकिलाचा मुलगा, ताडमाड, आणि सदा "सॉरी, सॉरी". दाराला धडकला तर दाराला सॉरी म्हणायचा. तो दाव्यांचे फोन घ्यायचा, मी कार्डं लिहायचे. बाबाने गोदीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की नोकरी आपल्या कीलीलाच मिळणार, आणि मी ती मिळवायचीच असं ठरवलं होतं. माझ्यासाठी नाही. त्याला ती खुर्ची डोळ्यांनी बघायची होती.

पहिल्या आठवड्यात मी एका आंधळ्या लॅब्रडॉरसाठी रडले होते. त्याच्या म्हातारीने लिहिलं होतं की आता तिला रस्ता कोण दाखवणार. म्हणजे आंधळा कुत्राच तिला रस्ता दाखवायचा. नाताळपर्यंत मी एका हाताने सँडविच खात दुसऱ्या हाताने लिहायला लागले. बिस्किट गेल्याचं कळलं. डचेस गेल्याचं कळलं. मिस्टर टोबी गेल्याचं कळलं आणि आम्ही सगळे हळहळलो. कोण हळहळलं? डोंबल. मला काहीच वाटेनासं झालं होतं. वाईटही वाटेना, आणि वाईट वाटत नाही याचंही काही वाटेना. सकाळी बस, संध्याकाळी बस, भाड्याच्या खोलीत टोस्ट आणि बीन्स. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या, मजा आहे का? मी लिहायचे, हो, खूप शिकतेय.

मार्चमध्ये एका दुपारी मी एका बीगलचं तिसरं वाक्य लिहीत होते आणि आईचा फोन आला. आई कामाच्या वेळात कधी फोन करत नाही.

"बाबा पडला गं. कामावर. बर्फाच्या पेट्यांमध्येच."

मी वाक्य पूर्ण केलं. मग उठले, टेबल पुसलं, खोका कपाटात ठेवला आणि स्टेशनवर गेले. डॉन्कास्टरला गाडी बदलताना आईचा दुसरा फोन आला. तो गेला होता. समोरच्या फलकावर ग्रिम्सबीवरून पुढे जाणारी क्लीथॉर्प्सची गाडी उशिरा असल्याचं दिसत होतं, आणि मी त्या गाडीचाच विचार करत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पिपाला फोन केला. "अगं बाई गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच कापला. "लागेल तेवढा वेळ घे. हो? लागेल तेवढा." मग तिने बाबाचं नाव विचारलं, रॉय; आईचं नाव विचारलं, लॉरेन; घरचा पत्ता विचारला. संध्याकाळी कंपनीची मेल आली. नियमाप्रमाणे एक आठवडा, शिवाय अंत्यविधीचा दिवस.

आठवडाभर आई रडत होती आणि मी चहा करत होते. दार सताड उघडं. शेजारपाजारच्या बायका झाकलेली भांडी घेऊन येत होत्या, गोदीवरची माणसं टोप्या हातात धरून पॅसेजमध्ये कानकोंडी होऊन उभी राहत होती. मला रडू आलं नाही. मी वाट बघितली, आता येईल, मग येईल. नाही आलं. आमच्याकडे मेल्यावरही रांग असते. दहनाची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, म्हणून मी परत रेडिंगला गेले. तिथे बसून काय करणार होते? चहा तरी किती करायचा?

ऑफिसात सगळ्यांनी मान एका बाजूला कलती करून विचारलं, "ठीक?" मी म्हटलं, "ठीक. तू?" फरक एवढाच, की आता माणसं उत्तर येईपर्यंत थांबत होती आणि मग घाईने पुढे सटकत होती. माझी कार्डं बार्नाबीने लिहून टाकली होती, एकही मागे नव्हतं. मी त्याला थँक्यू म्हटलं, तो मला सॉरी म्हणाला.

दहनाच्या दिवशी स्मशानाच्या छोट्या हॉलमध्ये मी आणि आई पुढच्या बाकावर बसलो. मागे सगळी गोदी, लग्नाचे कोट घालून. देवाधर्माचं बाबाला वावडं, म्हणून पाद्री नव्हता. असले विधी चालवणाऱ्या एक बाई बोलवल्या होत्या. त्यांनी बाबाचा जन्म सांगितला, काम सांगितलं, त्याचं फुटबॉलचं वेड सांगितलं, त्यावर थोडं हसू झालं. मग त्या म्हणाल्या, "घरी बरीच पत्रं आली. त्यातलं एक लॉरेनने मला वाचायला सांगितलंय."

आणि त्या वाचायला लागल्या. "रॉय गेल्याचं कळलं आणि आम्ही सगळे हळहळलो."

मी ताठ झाले. पहिलं वाक्य. मग तिसरं आलं, तुम्ही लावलेली माया त्याला नक्की कळली होती. मनात म्हटलं, नाही, चौथं नको, चौथं नको. बाई शांत आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कितीही उशीर झाला तरी तो दाराशी वाट बघत थांबायचा, आणि तुम्ही आलात एवढंच त्याला पुरायचं."

माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मला थांबवता येईना. मागे कुणीतरी जोरात नाक शिंकरलं, मग दुसऱ्या कुणीतरी. एवढाली हाडापेराची माणसं, बर्फात हात घालणारी, ढसाढसा रडत होती, कुत्र्यांसाठी पास झालेल्या वाक्यावर. आईने माझा हात घट्ट धरला. मी समोरच्या पेटीकडे बघत राहिले. आतून काही म्हणजे काही हललं नाही.

नंतर गोदीवरच्यांच्या क्लबात हॅमची सँडविचेस आणि चहा होता. बाबाच्या शेजारच्या फळीवर काम करणारा स्टॅन आईजवळ आला. "ते कुणी लिहिलं गं, लॉरेन? अगदी रॉयच उभा केला की."

"कीलीच्या ऑफिसातल्यांनी," आई म्हणाली. तिच्या आवाजात त्या दिवसात पहिल्यांदा जरा जीव आला होता. "आणि हाताने लिहिलंय हं. एक शब्द खोडलायसुद्धा."

घरी गेल्यावर बघितलं. शेकोटीवरच्या फळीवर मधोमध, बाबाच्या फोटोशेजारी ते कार्ड उभं केलं होतं. पुढे उन्हातलं रिकामं कुरण, आमचं नेहमीचं. मागच्या बाजूला खाली कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि कुत्र्याचा छोटा पंजा छापलेला असतो. तो भिंतीकडे होता. मी कार्ड आणखी मागे सरकवलं, अगदी भिंतीला टेकवलं, म्हणजे कुणी सहज उचलून बघणार नाही.

"चांगली माणसं आहेत ती," मागून आई म्हणाली. "तुझा बाप म्हणायचा तेच खरं. तिथेच राहा तू."

मी बरं म्हटलं.

रेडिंगला परत गेल्यावर मी बार्नाबीला तळ्यावर घेऊन गेले. बदकं आमच्या पायाशी आली. मी विचारलं, "रॉयचं कार्ड तू लिहिलंस?"

"कुठला रॉय?" मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "हां, ग्रिम्सबीचा. पिपाने ढिगावर चिठ्ठी डकवली होती. रॉय, मिसेस लॉरेन मंबी, पत्ता. बाकी काही नव्हतं. दाव्याचा नंबर पण नव्हता, मला तेव्हाच जरा..." तो थांबला. तो माझ्याकडे बघत होता आणि मंबी हे माझंच आडनाव आहे हे त्याच्या डोक्यात हळूहळू उतरत होतं. वर्षभर प्लेसमेंट म्हटल्यावर आडनाव कोण लक्षात ठेवतो?

"रॉय माझा बाबा," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं..."

"कुत्रा वाटला."

"लॅब्रडॉर," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर लॅब्रडॉरच आला. काळा. म्हातारा. अगं कीली, सॉरी. सॉरी. मी आत्ता जाऊन पिपाला सांगतो."

"सांगितलंस तर नोकरी गेली तुझी."

"जाऊ दे."

"राहू दे रे," मी म्हटलं. हा माझा मोठेपणा वगैरे नव्हता. मला खरंच कंटाळा आला होता. पिपा रडणार, सगळे रडणार, बैठक होणार, नवा नियम निघणार, आणि मग ते सगळे माझ्याकडे बघणार. बार्नाबी तळ्याच्या कठड्यावर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. माझ्या बाबासाठी बार्नाबी रडला, आणि मी त्याच्या पाठीवर थोपटत बदकं बघत उभी. तेव्हा मला बाबाचं ते बर्फातल्या बोटांचं बोलणं आठवलं आणि पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली.

तरी पण मी लिहीत राहिले. काय करणार? दुसरं काही येतही नव्हतं. रविवारी फोन वाजायचा नाही. मी फोन समोर ठेवून टोस्ट खायचे. चौथं वाक्य तेवढं मी टाळायला लागले, कुत्र्यांनाही तिसऱ्यावरच भागवायचे. कुणाच्या लक्षात आलं नाही.

जुलै संपत आला तसं पिपाने मला 'डाल्मेशियन'मध्ये बोलावलं. आमच्याकडे बैठकीच्या खोल्यांना कुत्र्यांच्या जातींची नावं होती. पिपाने दार लावलं, बाटली टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात जोडल्यासारखे हनुवटीखाली धरले.

"बसलीस ना नीट? बरं. कीली, आम्हाला तू हवी आहेस. पदवी झाली की थेट ये. तुझ्या कार्डांना लोकांची उलटटपाली उत्तरं येतात, माहितीये? कुणाच्या कार्डांना येत नव्हती. कार्डांचं सगळं काम तुझ्याकडे देणार, नवीन वाक्यंसुद्धा तूच ठरवायची. आणि एवढ्या कठीण वर्षात तू एकदाही..." तिचे डोळे भरून आले. "तुझ्या बाबांना किती बरं वाटलं असतं."

हे खरं होतं. त्याला आभाळ ठेंगणं झालं असतं. मी हो म्हणायलाच गेले होते. वर्षभर त्याच एका शब्दासाठी तर थांबले होते. तोंड उघडलं आणि आपसूक भलतंच बाहेर पडलं.

"मला खुर्ची मिळेल?"

"हं?"

"बसायची. माझी. रोज तीच."

पिपा खळखळून हसली. "अगं वेडाबाई, इथे मलाही नाही! आमच्या मोठ्या साहेबांनाही नाही. ते परवा छपाईयंत्राशी बसले होते."

"मग नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"नोकरी. बार्नाबीला दे. त्याला चालेल."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिला वाटलं मी दुःखात आहे. शेवटी तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि मान कलती केली. "घाई नाही गं. लागेल तेवढा वेळ घे." मी थँक्यू म्हटलं, बाहेर आले आणि छपाईयंत्राशेजारी बसून उरलेली कार्डं लिहिली. नको म्हणताना मला वाईट वाटलं नव्हतं, बरंही वाटलं नव्हतं. फक्त बाबाला पुढच्या रविवारी काय सांगितलं असतं याचं खरं उत्तर आता माझ्याकडे होतं. नाही दिली रे बाबा. पक्की करत होते, तरी नाही दिली.

वर्ष संपलं त्या शुक्रवारी मी सामान घेऊन ग्रिम्सबीला निघाले. गाडी नेहमीसारखी उशिरा. घराशी पोचले तर दार बंद. मी बॅगा खाली ठेवून उभी राहिले, कशाची वाट बघतेय ते माझं मलाच कळेना. मग बेल वाजवली. आमच्या घराच्या बेलचा आवाज कसा आहे हे मला माहीतच नव्हतं. बावीस वर्षांची घोडी झाले, पण ती बेल मी कधी वाजवलीच नव्हती.

आईने दार उघडलं, पीठ लागलेल्या हातांनी. "आलीस होय? ये. मी म्हटलं गाडी वेळेवर येते की काय आज." तिने माझ्यासाठी ॲपल पाय केला होता. आम्ही स्वयंपाकघरात गेलो, तिने किटली ठेवली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की नोकरी देत होते आणि मी नको म्हटलं.

आई वळली. "का गं? एवढी चांगली माणसं!"

"खुर्ची देत नाहीत."

वाटलं, आता भडका उडणार. पण तिचं तोंड वाकडं झालं आणि ती एकदम हसलीच. "अगदी बापावर गेलीस! त्याने हेच केलं असतं, मेल्याने."

तिला हसताना बघून मला राहवेना. ती त्या लोकांना चांगलं म्हणत होती, फळीवर ते कार्ड मिरवत होती, आणि मी एकटीच ते पोटात घेऊन बसले होते. "आई," मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. ते कार्ड आलं होतं ना..."

"कुठलं? पंजाचं?"

"तुला माहीत होतं?" मी म्हटलं.

"मला काय डोळे नाहीत?" आई चहाचे मग काढत म्हणाली. "पहिल्याच दिवशी बघितलं. मागे हा एवढा पंजा आहे. पाळीव प्राण्यांची कंपनी, त्यात तूच सांगितलेलं की तू तिथे हे असलं लिहितेस म्हणून. म्हटलं, कुणीतरी घोळ घातलेला दिसतोय."

"मग तू ते वाचायला कशाला दिलंस? सगळ्यांसमोर?"

"बाकीच्या कार्डांत काय होतं माहितीये? चांगला माणूस होता. बस. सगळ्यांत तेच. अगं, माणूस मेला की जो तो चांगला होतो." तिने हातातला मग जरा आपटलाच. "मी वृद्धाश्रमात कामाला, उशिराची पाळी संपवून यायचे. बस चुकायची, पाऊस असायचा. आणि हा दार उघडून नुसत्या मोज्यांवर उभा. इतकी वर्षं. दिवसभर बर्फात उभं राहून वर आणि दारातल्या गारठ्यात उभा! तोंडातून शब्द नाही. 'आलीस?' एवढं म्हणायचा आणि झोपायला जायचा. हे कुणाला माहीत होतं? कुणी लिहिलं? ज्याने लिहिलं त्याने कुत्र्यासाठी लिहिलं असेल, तर लिहू दे. खरं होतं ना ते?"

किटली वाजायला लागली होती. आम्ही दोघींनी ती बंद केली नाही.

"कॉलेजातून यायचीस तेव्हा तुझ्यासाठीही उभा असायचा," आई म्हणाली. मग माझा चेहरा बघून ती थांबली. "ठीक आहेस ना?"

"नाही," मी म्हटलं.

तिने गॅस बंद केला, हात एप्रनला पुसले आणि बाबाची खुर्ची ओढली. भिंतीवरच्या रेडिएटरला पाठ लावलेली, त्याच्याशिवाय कुणी न बसायची ती. "बस इथे," ती म्हणाली. मी बसले. पाठीला ऊब लागली, आणि मग जे रडू फुटलं ते किती वेळ आवरेना. आई शेजारी उभी राहून माझं डोकं पोटाशी धरून होती आणि माझ्या केसांना पीठ लागत होतं. चहा आम्ही खूप उशिरा प्यायलो.